अप्पांच्या नावाचा डेलिया

मी नाशिक सोडलं त्या दिवशी सकाळी आईने गड्डा फोडायला घेतला, आणि तिथेच पहिली चूक झाली.

नव्व्याण्णव सालचा मे महिना होता. खाली गाडी येऊन उभी होती. कसारा घाटात ट्रक आडवा पडलाय म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. प्रदीप, म्हणजे माझा नवरा, बॅगांना तिसऱ्यांदा दोऱ्या आवळत होता. आणि आई जेलरोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत निवांत मांडी घालून बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर वाळूतून उकरून काढलेला डेलियाचा गड्डा, हातात भाजीची सुरी.

"अगं आई, हे आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? कॅनडाहून येणारेस का न्यायला?"

डेलियाचा गड्डा म्हणजे रताळ्यांसारख्या कंदांचा झुबका. वर खोडाला जिथे सगळे कंद जुळतात तिथे बारीक डोळे असतात. ज्या कंदाला डोळा असतो तोच उगवतो. बाकीचे कितीही गुबगुबीत असोत, आंधळे. मे महिन्यात गड्डा झोपलेला असतो आणि डोळे दिसत नाहीत. ते दिसायला लागतात पोळ्याच्या सुमारास. "डोळा दिसल्याशिवाय सुरी लावायची नाही," असं अप्पा, म्हणजे आमचे वडील, दरवर्षी बजावायचे. आईला हे माझ्याहून जास्त माहीत होतं. पण विमान काही पोळ्यापर्यंत थांबणार नव्हतं. तिने अंदाजाने सुरी घातली, अर्धा गड्डा परत वाळूत पुरला आणि अर्धा अप्पांच्या तपकिरी माकडटोपीत गुंडाळून माझ्या हातात दिला.

गाडीत बसताना निरोपाला जमलेल्या बायका रडत होत्या. आई रडली नाही. खिडकीशी वाकून म्हणाली, "पोचल्यावर कोरड्या वाळूत ठेव. घाईने पाणी घालू नकोस." मुलीला परदेशी पाठवताना एवढंच बोलली. मला तेव्हा रागच आला होता, की हिला माझ्यापेक्षा त्या कंदांची काळजी.

हे सगळं मी लिहायला बसलेय ते माझ्या धाकट्या भावासाठी, हेमंतसाठी. तो नाशिकलाच राहिला, अंबडला कंपनीत लागला आणि आईचं सगळं त्यानेच केलं. आणि थोडं तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे निघून आलात आणि दर रविवारी फोनवर "इथे सगळं मस्त चाललंय" असं सांगत राहिलात. तुम्हाला ठाऊक आहे त्या वाक्यात काय काय दडपलेलं असतं ते.

आमचं लहानपण एकलहऱ्याला गेलं. अप्पा थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीजकेंद्रात, बॉयलरवर होते. कॉलनीत आमचं तळमजल्याचं क्वार्टर होतं, पुढे ओटा आणि ओट्याखाली चार हात जमीन. थर्मलची राख सगळीकडे बसायची. वाळत घातलेले कपडे आई झटकून झटकून थकायची, आणि अप्पा रविवारी ओलं फडकं घेऊन डेलियाचं एकेक पान पुसायचे. "माझा टीव्ही कधी पुसला नाही या माणसाने," असं आई शेजारच्या पगारेकाकूंना ऐकवायची. पगारेकाकू चांदवडकडच्या. त्या हसून म्हणायच्या, "लय नशीबवान हाय तुमचा डेलिया, वैनी."

डेलिया लोक गड्ड्यापासून लावतात, किंवा नर्सरीतून रोप आणतात. आम्ही बी पेरायचो. गौरी गेल्या की पुढच्या रविवारी बी पेरायचं, हा आमच्या घरचा सण होता. द्राक्षांची रिकामी लाकडी खोकी, त्यात पालापाचोळ्याचं खत आणि नदीची वाळू. माती चाळायला आईची पिठाची चाळणी लागायची आणि त्यावरून दरवर्षी न चुकता भांडण व्हायचं. बी लग्नपत्रिकांच्या पाकिटांत जपलेलं असायचं. काळं, चपटं, कारळ्याहून जरा मोठं.

रोपांना चार पानं आली की खरी गंमत. घरातल्या चौघांनी एकेक रोप निवडायचं आणि आइस्क्रीमच्या काडीवर आपलं नाव लिहून त्याच्या शेजारी खोचायचं. ते रोप मग तुमचं. पाणी तुम्ही घालायचं, शेंडा तुम्ही खुडायचा, कामटीला तुम्ही बांधायचं. मी आणि हेमंत सगळ्यांत दांडगं रोप कुठलं यावरून एकमेकांचे केस ओढायचो. अप्पा सर्वांत शेवटी निवडायचे आणि हमखास सगळ्यांत किरकोळ रोप घ्यायचे. दांडगं रोप नुसतं पानं दाखवतं, असं त्यांचं मत होतं.

डिसेंबर-जानेवारीत निकाल लागायचा. ज्याचं फूल एकेरी पाकळ्यांचं निघेल ते रोप अप्पा सगळ्यांच्या देखत उपटायचे. तिथे वशिला नाही. माझं तीन वर्षं लागोपाठ उपटलं गेलं. "ताईसारखंच आहे, नुसती उंची," असं हेमंत म्हणायचा. मी रडले की अप्पा मातीचे हात झटकत सांगायचे, "वंदे, बियाला आईबाप आठवत नाहीत. लाल फुलाचं बी पेरलं म्हणून लाल येईल असं नसतं. कोण येतंय ते बघायचं. गड्डा मात्र विसरत नाही. एकदा आवडता डेलिया मिळाला की त्याचा गड्डा सांभाळायचा."

पंच्याण्णव साली ऑक्टोबरमध्ये अप्पा गेले. रात्रपाळी करून घरी आले, ओट्यावर चहा घेऊन बसले आणि बसल्या जागी कलले. रोपं अजून खोक्यातच होती, नुकत्याच काड्या खोचून झाल्या होत्या. तेरा दिवस घरात माणसांची ये-जा होती. त्या गर्दीत कुणाचं लक्ष नसताना हेमंत गुपचूप खोक्यावर पाणी शिंपडायचा. दिवस झाल्यावर आम्ही तिघांनी रोपं कुंड्यांत लावली. अप्पांचं रोप नेहमीसारखंच मरतुकडं होतं. शेजारच्या काडीवर पेन्सिलने लिहिलेलं, अप्पांच्याच अक्षरात, "अप्पा".

जानेवारीच्या शेवटी ते फुललं. मी त्यानंतर पुष्कळ डेलिया पाहिले, पण तसा पुन्हा पाहिला नाही. विटकरी रंग, आतल्या बाजूला काळपट होत गेलेला, आणि प्रत्येक पाकळीचं टोक ताकासारखं पांढरं. हेमंतने अप्पांची स्टीलची पट्टी लावून मोजलं, पट्टी पुरली नाही. आई ओट्याच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघायला थांबले नाहीत."

त्यानंतर क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही जेलरोडला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी आई बसली होती आणि तिच्या मांडीवर तो गड्डा होता. त्यातला एक कंद तिने पगारेकाकूंना दिला, आठवण म्हणून. बाकी कुणाला दिला नाही, लोकांनी मागूनसुद्धा. वर्षातून एकदा अप्पा आमच्याकडे येतात, असं ती म्हणायची नाही, पण बहराच्या दिवसांत ती त्या कुंडीसमोर चहाचा कप घेऊन बसायची आणि आम्ही दोघं तिला हाक मारायचो नाही.

आता विमानतळाचं सांगते.

टोरंटोला उतरायच्या आधी विमानात एक फॉर्म वाटला. त्यात विचारलं होतं, बरोबर झाडं, बियाणं, माती वगैरे आहे का. प्रदीपने मला न विचारताच "नाही"वर खूण केली. रांगेत आमच्या पुढे एक गुजराती कुटुंब होतं. त्यांचं खोकं उघडलं, आतलं बरंच काही टेबलावर मांडलं, आणि त्या घरातली म्हातारी नुसती हात जोडून उभी राहिली. प्रदीप दबक्या आवाजात म्हणाला, "वंदना, त्यापायी आपले कागद अडले तर? तीन वर्षं वाट बघितलीय." तो चुकीचं बोलत नव्हता. पण टाक असं तो म्हणाला नव्हता, हेही खरं. मी बाथरूममध्ये गेले. माकडटोपी उलगडली, कंद कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि वरून हात पुसायचे कागद टाकले. टोपी पर्समध्ये ठेवली. बाहेर आले, आमची पाळी आली. अधिकारी बाईने पासपोर्ट बघितले, शिक्का मारला आणि हसून "वेलकम" म्हणाली. तिने माझी पर्स उघडली नाही. मला कुणी काही विचारलंच नाही.

पहिले सहा महिने आम्ही ब्रॅम्प्टनला एका पंजाबी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये राहिलो. मी एका वेअरहाऊसमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायची, प्रदीप रात्री गॅस स्टेशनवर. रविवारी सकाळी कॉलिंग कार्ड खरवडून मी घरी फोन लावायची, तिकडे तेव्हा दिवेलागण झालेली असायची. पहिल्याच फोनवर आई म्हणाली, "वाळूत ठेवलास?" मी म्हणाले, "ठेवला." काय करणार? विमानतळावर टाकला असं सांगायला जीभ रेटेना. पुढच्या वेळी सांगू असं ठरवलं. ती पुढची वेळ पुढेच जात राहिली.

सप्टेंबरात आई म्हणाली, "इथल्या अर्ध्या गड्ड्याला डोळाच नव्हता गं. सगळे आंधळे निघाले. पावसात सडले. सुरी चुकली माझी." मग विचारलं, "तुझ्याकडचे फुटले ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ती सुरी चुकली म्हणून स्वतःला बोल लावत होती, आणि मला एवढंच ऐकू आलं की आता आमच्या घरचा म्हणून तो डेलिया फक्त माझ्याकडे आहे असं हिला वाटतंय. मी म्हणाले, "हो, दोन डोळे फुटलेत." आईने असा मोकळा श्वास सोडला की मला तो इकडे ऐकू आला. "चला, कुठेतरी आहे म्हणजे," ती म्हणाली. "पुढे येशील तेव्हा एक घेऊन ये."

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. फोनवर पाच मिनिटं मी त्याचंच वर्णन करत होते, की गाडी कशी दिसेनाशी झाली, फावड्याने दार कसं मोकळं करावं लागलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आला का बहर?" नाशिकच्या माणसाला डिसेंबरात डेलियाचं विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? माझ्या अंगातलं पंचांग एकलहऱ्याचंच होतं. मी म्हणाले, "आला ना. चार फुलं आहेत. तोच रंग." मग आई म्हणाली, "बरं. थंडीत जप."

ती चूक मला कळली पुढच्या वर्षी. आम्ही वरच्या मजल्याच्या भाड्याच्या घरात आलो होतो. शेजारी एक पोर्तुगीज म्हातारी राहायची. ऑगस्टात तिच्या कुंपणाशी डेलिया फुलले, तुटक्या हॉकी स्टिकांना बांधलेले. मी बघतच राहिले. ऑक्टोबरात एका थंडीने सगळी झाडं काळी पडली, कढईत करपल्यासारखी. तिने गड्डे खणून काढले आणि बेसमेंटमध्ये नेऊन ठेवले. हातवारे करून मला सांगितलं की बर्फ वितळेपर्यंत आता खालीच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते आणि मला डिसेंबरातला तो फोन आठवला. म्हणजे इथे डिसेंबरात डेलिया जमिनीवर नसतोच. आणि मी पाच मिनिटं बर्फाचं सांगून मग चार फुलं सांगितली होती.

पण आईने काहीच म्हटलं नव्हतं. नंतरही ती दर डिसेंबरात विचारत होती, अगदी नेहमीच्या आवाजात, "आला का बहर?" तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की तिला काय ठाऊक इथल्या थंडीचं. आणि एकदा डिसेंबर म्हटल्यावर आता ऑगस्ट कसं म्हणायचं? मग मी दर डिसेंबरात फुलं सांगत गेले. एका वर्षी सहा, एका वर्षी तीनच. एकदा तर अळी पडली असंही सांगितलं, खरं वाटावं म्हणून. इतकी मी निर्ढावले होते. एकदा हेमंत फोनवर म्हणाला, "ताई, एक फोटो तरी पाठव की, ईमेल आहे आता." मागून आईचा आवाज आला, "कशाला फोटो? माझ्या डोळ्यासमोर आहे तो." मी सुटले.

आठ वर्षांत मी तीनदा नाशिकला आले, तिन्ही वेळा मे-जूनमध्ये. इथे आल्यावर झालेल्या माझ्या मुलीच्या शाळेला सुट्टी नव्हती तेव्हासुद्धा. आईने कंद आणलास का विचारलंच तर उत्तर तयार असायचं, की तिकडे आता तो जमिनीत लावलेला असतो, उपटून कसा आणू? या एका बाबतीत मी तिकडचं पंचांग बरोबर वापरलं. तिने विचारलं नाही. हेमंत मात्र माझ्याशी तुटक वागायचा. मला वाटायचं, आईची जबाबदारी एकट्यावर पडलीय म्हणून.

दोन हजार सात साली आईचं डायलिसिस सुरू झालं. हेमंतने फोन केला. "ताई, या वेळी मेची वाट बघू नकोस." मी डिसेंबरात निघाले. आठ वर्षांनी नाशिकचा हिवाळा पाहिला. सकाळी पोचले तर आई घरात नव्हती. हेमंतची बायको म्हणाली, "वर गच्चीत आहेत. ऐकत नाहीत कुणाचं."

गच्चीवर पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. चाळीस-पन्नास कुंड्या होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून भांडून आईने टाकीच्या तिन्ही बाजू बळकावल्या होत्या. सगळीकडे डेलिया. पिवळे, लाल, जांभळे, गुलाबी, थाळीएवढे आणि वाटीएवढे. आणि मधे मधे कितीतरी एकेरी पाकळ्यांचे, अप्पांनी पाहताक्षणी उपटले असते असे. विटकरी रंगाचा, पांढऱ्या टोकांचा मात्र एकही नाही. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी होती आणि प्रत्येक काडीवर आईच्या वळणदार अक्षरात एकच नाव होतं, "अप्पा".

त्या डेलियाचं बी तिने एका पाकिटात जपून ठेवलं होतं. मी गेल्यापासून दरवर्षी ती त्यातलं पेरत आली, मग त्याच्या फुलांचं बी, मग त्याच्याही. बियाला आईबाप आठवत नाहीत हे तिलाही माहीत होतंच.

आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत शाल घेऊन उन्हात बसली होती, सुकलेली फुलं खुडत. अंगाने अर्धी झाली होती. मी तिच्या पायाशी बसले. "कशी आहेस" विचारायचं होतं, ते राहिलंच.

"आई, तो डेलिया माझ्याकडे नाही गं. कधी नव्हताच. मी विमानतळावर टाकला."

तिचे हात थांबले नाहीत. "माहितीये," ती म्हणाली.

"हेमंतने सांगितलं?"

"तू सांगितलंस. आधी फावड्याने बर्फ काढला म्हणालीस आणि मग चार फुलं म्हणालीस. एकाच फोनवर. मी शाळा कमी शिकले असेन वंदे, पण डेलिया शिकलेय."

तिने दोन फुलं खुडली आणि पुढे बोलली, अगदी सरळ आवाजात. "वाईट एका गोष्टीचं वाटलं. सप्टेंबरात खरं बोलली असतीस ना, तर पगारेबाईंकडून एक फांदी आणली असती. त्यांच्याकडचा तेव्हा चांगला होता. हेमंत म्हणालाही, आई, आणू का? मीच म्हटलं, राहू दे, वंदीकडे आहे. नोव्हेंबरात पगारे रिटायर झाले, क्वार्टर सोडून चांदवडला गेले. मला तुझं कळलं डिसेंबरात. दुसऱ्या दिवशी हेमंतला मोटरसायकलवर चांदवडला पाठवला. त्या म्हणाल्या, पोरा, कुंड्या तिथंच सोडल्या की रे, टेंपोत जागाच नाय. तिथून तो एकलहऱ्याला गेला. नव्या माणसांनी कुंड्या रिकाम्या करून कोथिंबीर पेरली होती."

एका महिन्याचा फरक. माझ्या एका "हो"मुळे. हेमंत माझ्याशी तुटक का होता ते मला आत्ता कळलं. थंडीत दिवसभर मोटरसायकल दामटून तो रिकाम्या हाताने घरी आला होता, आणि आईने त्याला बजावलं होतं, ताईला यातलं अक्षर सांगायचं नाही.

"तुला राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. खूप आला. दोन महिने तुझ्याशी बोलू नये असं वाटत होतं. पण तुझा फोन रविवारी यायचाच, मग उचलायची."

"मग दरवर्षी विचारत का राहिलीस? आला का बहर, आला का बहर. मला खोटं बोलायला लावत राहिलीस."

आता तिने माझ्याकडे बघितलं. "विचारायचं बंद केलं असतं, तर मला कळलंय हे तुला कळलं नसतं का? मग तुला तोंड दाखवायची लाज वाटली असती. आधी फोन कमी झाले असते, मग येणं. ओळखते मी तुला. अप्पांचा गेला तो गेला. तू तरी राहायला हवीस ना."

मला रडू आवरेना. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही, तिची ती रीत नव्हती. मातीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "ऊठ आता. ती मागची कुंडी उन्हात ओढ, मला झेपत नाही."

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. निरोप यायला आणि तिकीट मिळायला जो वेळ लागला त्यात सगळं उरकलं होतं. तेराव्याला हेमंतने माझ्या हातात लग्नपत्रिकेचं एक पाकीट ठेवलं. वर आईच्या अक्षरात "वंदी" एवढंच, आणि आत बी. परत येताना विमानात तोच फॉर्म आला. या वेळी मी पेन स्वतःच्या हातात घेतलं आणि "हो"वर खूण केली. काउंटरवरच्या माणसाने पाकीट उघडलं, बी तळहातावर घेऊन बघितलं, कसलं आहे विचारलं. मी म्हणाले, फुलाचं. त्याने ते परत पाकिटात घातलं आणि मला जाऊ दिलं. एवढंच असतं ते. नऊ वर्षांपूर्वीही कदाचित एवढंच असतं, किंवा नसतंही. ते आता मला कधीच कळणार नाही आणि ते घेऊनच मला जगायचंय.

मार्चमध्ये खिडकीत बी पेरलं. नऊ रोपं आली. चाळणीवरून माझी मुलगी माझ्याशी भांडली, "आई, दॅट्स फॉर केक्स." मला बरं वाटलं. ऑगस्टात फुलं आली, सगळी वेगळी. अप्पांसारखं एकही नाही. एक तर साफ एकेरी पाकळ्यांचं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ऑक्टोबरात थंडीने सगळी करपली, तेव्हा गड्डे खणले आणि वाळूत घालून बेसमेंटमध्ये ठेवले. एका कंदावर अप्पांची माकडटोपी घातलीय. हसा हवं तर.

इथे दहा वर्षं झाली. घर विकत घेतलं, पासपोर्ट बदलला. लोक विचारतात, घर कुठलं, तर तोंडातून नाशिक निघतं आणि लगेच खोटं बोलल्यासारखं वाटतं. एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये दुसरी माणसं आहेत, जेलरोडची गच्ची सेक्रेटरीने रिकामी करून घेतली. हेमंत आणि मी वर्षभर कामापुरतं बोललो. मला वाटलं आता एवढंच उरलं.

या डिसेंबरात एका रविवारी फोन वाजला. सहसा मी लावते, या वेळी त्याने लावला होता. अंबडचं, मुलांच्या परीक्षांचं, पाणीकपातीचं बोलून झालं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. मग तो घसा खाकरून म्हणाला, "ताई, आला का बहर?"

अगदी आईच्या सुरात. सगळं माहीत असून.

मी म्हणाले, "नाही रे. इथे आत्ता नसतो येत. गड्डे खाली बेसमेंटमध्ये झोपलेत. ऑगस्टात येईल. आणि अप्पांचा तो नाहीये त्यात."

"बरं," हेमंत म्हणाला. "मग ऑगस्टात विचारतो."

घर म्हणून आता माझ्याजवळ एवढंच आहे. ऑगस्टात तो विचारणार आहे, आणि मी खरं सांगणार आहे.